व्हीआर हेडसेट: डोक्यावर की कपाटात?

घुबड_दुपारचं

मंडळी, परवा कपाटाचा वरचा कप्पा आवरताना मागे ढकललेला व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारा) हेडसेट हाती लागला. शेवटचा कधी घातला होता ते आठवेना. भिंगांवर धूळ, मागच्या पट्ट्याचं इलॅस्टिक सैल पडलेलं. घेतला तेव्हा पहिला आठवडा घरात रांग होती. धाकट्या भावाला उंच इमारतीतून बाहेर काढलेल्या फळीवर उभं करणारा खेळ लावून दिला, तर हा गडी चांगल्या सपाट फरशीवर गुडघे टेकून रांगायला लागला. आम्ही हसून बेजार. दुसऱ्या आठवड्यात रांग ओसरली, महिन्याभरात मी एकटाच उरलो आणि मग मीही "उद्या बघू" म्हणायला लागलो.

वाईट नव्हता हो. दर वेळी घातल्यावर "अरे, भारी आहे हे" असंच वाटायचं. पण घालायचा म्हणजे आधी चार्ज आहे का बघा, अपडेट उतरेपर्यंत थांबा, टीपॉय सरकवा, जमिनीवर हद्द आखा, चष्मा काढायचा की ठेवायचा ते ठरवा. एवढं होईपर्यंत मोबाइलवर अर्धा तास निघून गेलेला असतो.

आता जरा मागे जाऊ. आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर घालायचा डिस्प्ले दाखवला तो १९६८ साली, छताला टांगलेल्या सांगाड्यासकट. १९९५ मध्ये निन्टेंडोचा व्हर्च्युअल बॉय आला आणि लाल-काळी चित्रं दाखवून पुढच्याच वर्षी गेला. २०१२ मध्ये ऑक्युलस या हेडसेट बनवणाऱ्या कंपनीने लोकवर्गणीतून सुमारे २४ लाख डॉलर जमवले, २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी २ अब्ज डॉलरला घेतली. तेव्हापासून "पुढचं वर्ष व्हीआरचं" हे वाक्य मी नेमाने वाचतोय.

माझं मत असं, की याचं भवितव्य पिक्सेल किती यावर ठरणार नाही. घेतल्यानंतर तिसाव्या दिवशी माणूस तो आपणहून परत घालतो का, यावर ठरेल. तुमचे हेडसेट सध्या कुठे आहेत? खरं सांगा.

(माझा कुठल्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा दोन टोळ्यांच्या हाणामारीत जाईल.)

खडूस

थ्रीडी टीव्ही आठवतोय? तोही घरोघरी येणार होता. २०१७ मध्ये एलजी आणि सोनी या शेवटच्या दोन मोठ्या कंपन्यांनीही त्यातून अंग काढून घेतलं. कारण एकच: दिवसभर काम करून आलेल्या माणसाला तोंडावर काहीतरी चढवून बसायचं नसतं.

मेटाचे (म्हणजे पूर्वीच्या फेसबुक कंपनीचे) आकडे बघा. रिॲलिटी लॅब्ज या त्यांच्या व्हीआर बघणाऱ्या विभागाचा तोटा २०२२ मध्ये १३.७ अब्ज डॉलर, २०२३ मध्ये १६.१ आणि २०२४ मध्ये १७.७. तीन वर्षांत मिळून ४७ अब्जांच्या वर. आणि एवढं ओतून हाती काय, तर आभासी जगात माणसांच्या जागी दिसणाऱ्या, पाय नसलेल्या बाहुल्यांच्या सभा. पाय यायला २०२३ उजाडलं.

रात्रपाळी

खडूसराव, तो सगळा तोटा हेडसेटचा नाही. स्मार्ट चष्मे आणि पुढच्या दहा वर्षांचं संशोधनही त्याच खात्यात धरतात. पण रोख बरोबर आहे.

मी या खेळांवर काम करतो, म्हणून आतलं थोडं सांगतो. "व्हीआर कोणी वापरत नाही" हे धादांत खोटं आहे. वापरणारे आहेत, फक्त ते या धाग्यावर नाहीत, कारण ते बारा-तेरा वर्षांचे आहेत. गोरिला टॅग नावाचा खेळ बघा. त्यात पायच नाहीत, हात जमिनीवर आपटत माकडासारखं पळायचं. चित्रं अगदी ओबडधोबड, वीस वर्षांपूर्वीच्या खेळात शोभतील अशी. आणि पोरं तासन्‌तास त्यात एकमेकांमागे धावतात. आम्ही मोठी माणसं "कथा कुठे आहे, ग्राफिक्स कुठे आहेत" विचारत बसलो आणि पोरांनी त्यातून शाळेची मधली सुट्टी तयार केली.

अडचण अशी की या पोरांच्या खिशात पैसे नसतात. फुकट खेळ आणि आत टोप्या-कपड्यांची विक्री, यावर एखाददुसराच खेळ तगतो. मोठ्या खर्चाचे, आठ-दहा तासांचे खेळ बनवणाऱ्यांचे हाल आहेत. रेडी ॲट डॉनसारखा नावाजलेला स्टुडिओ मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केला.

मनमोर

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. चालू द्या.

भिंग

माझा रोजचा संबंध प्रकाशशास्त्राशी आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. आधीच माफी.

धागाकर्त्याचं "पिक्सेलवर ठरणार नाही" हे मला अर्धंच पटतं. चांगली नजर असलेला माणूस एका अंशात साधारण ६० पिक्सेल वेगळे ओळखू शकतो. मेटाच्या क्वेस्ट ३ या हेडसेटमध्ये ही घनता सुमारे २५ आहे आणि दृष्टीचा आवाका ११० अंश. तेवढ्या आवाक्यात डोळ्याला पुरेल असं चित्र हवं तर आडवे ६,६०० पिक्सेल लागतील, तेही प्रत्येक डोळ्याला. आज आहेत २,०६४. खेळताना हे जाणवत नाही. बारीक अक्षरं वाचायला घ्या, लगेच जाणवतं. "घरबसल्या पाच मॉनिटर" या जाहिरातीचं घोडं इथेच अडतं.

मग पिक्सेल वाढवा की! वाढवले की ते रंगवायला चिप तापते, पंखा लागतो, बॅटरी मोठी लागते, वजन वाढतं. त्यात भर भिंगांची. जुन्या हेडसेटमध्ये फ्रेनेल भिंगं असायची, खाचाखाचांची, काळ्या पडद्यावर पांढरं अक्षर आलं की त्याभोवती उजेडाच्या रेघा ओढायची. आता पॅनकेक भिंगं आली. त्यात प्रकाश आतल्या आत मागेपुढे परावर्तित करून त्याची वाट दुमडतात, त्यामुळे हेडसेट बारीक झाला. पण या दुमडादुमडीत पडद्याचा बहुतेक उजेड वाटेतच संपतो. म्हणून पडदा आणखी उजळ ठेवा, म्हणजे पुन्हा उष्णता, पुन्हा बॅटरी. एकीकडे दाबलं की दुसरीकडे फुगतं.

आणि वजनाचा आकडा फसवा असतो. क्वेस्ट २ भरायचा ५०३ ग्रॅम, क्वेस्ट ३ भरतो ५१५. काट्यावर नवीनच जड. तरी नवा हलका वाटतो, कारण तो चेहऱ्याला अधिक चिकटून बसतो. भरलेली पिशवी छातीशी धरा आणि मग हात लांब करून धरा, तोच फरक.

पण खरी गाठ वेगळीच आहे. नाकासमोर बोट धरा आणि हळूहळू जवळ आणा. दोन्ही डोळे आत वळतात, आणि त्याच वेळी डोळ्यातलं भिंग फुगून फोकस जवळ आणतं. ही दोन कामं लहानपणापासून जोडीने चालतात. हेडसेटमध्ये वस्तू कितीही जवळ दिसली तरी फोकस मात्र दीड-दोन मीटरवर खिळलेला. डोळे वळतात आणि फोकस हलत नाही. हातात पुस्तक धरून वाचायचं दृश्य वीस मिनिटांत का दमवतं, त्याचं हे कारण. मोटरने सरकणारी भिंगं बसवलेले "हाफ डोम" नावाचे नमुने मेटाने २०१८ पासून दाखवले आहेत. दुकानात मात्र अजून तसं काही नाही. माझ्या मते हे सुटेपर्यंत हेडसेट रोजच्या आठ तासांच्या कामाचं यंत्र होणार नाही, कोणी काहीही म्हणो.

चष्मेबहाद्दर

भिंगराव, दंडवत. बोट नाकासमोर धरून बघितलं, शेजारचा सहकारी विचारतोय बरा आहेस ना.

चष्मेवाल्यांसाठी एक पुस्ती. चष्म्यासकट हेडसेट घालू नका. माझ्या चष्म्याच्या काचेने हेडसेटच्या भिंगावर मधोमध ओरखडा पाडला. तो आता प्रत्येक खेळात, प्रत्येक आकाशात असतो. तुमच्या नंबरची भिंगं आत चुंबकाने बसतील अशी बनवून मिळतात, ती घ्या.

सावली_२

ओरखडा काहीच नाही. मी हेडसेट खिडकीत ठेवून फोन घ्यायला गेले. दहा मिनिटं असतील नसतील. भिंगाने उन्हात कागद जाळणं शाळेत केलेलं असून डोक्यात आलं नाही की ही भिंगंच आहेत. परत येऊन घातला तर उजव्या डोळ्यासमोर पिवळट अळीसारखी रेघ. सूर्य जसा सरकला तशी ती पडद्यावर भाजत गेलेली. दुरुस्ती नाही, वॉरंटीत बसत नाही. भिंगं कायम झाकून ठेवा.

खडूस

म्हणजे कपाटातच सुरक्षित.

सावली_२

@खडूस, हसले. पण आता आलेच आहे तर मुद्द्याचं लिहिते, कारण वरच्या सगळ्या चर्चेत ते आलेलं नाही. घरात एकटी असताना डोळे आणि कान झाकून खोलीच्या मधोमध उभं राहणं मला जमत नाही. आणि कोणी घरात असलं तर ते आपल्याकडे बघत हसतंय, फोटो काढतंय ही जाणीव जात नाही. दोन्हीकडून पंचाईत. मला मळमळत नाही, मान दुखत नाही, चित्र सुंदर दिसतं. तरी मी वीस मिनिटांवर टिकत नाही, कारण पाठीमागे काय चाललंय ते कळत नाही. माझ्या तिन्ही मैत्रिणींनी हेच सांगितलं. हे ग्रॅम आणि पिक्सेलमध्ये कुठे मोजणार?

बाहेरचं दाखवणारे कॅमेरे आल्यापासून थोडं सुसह्य झालंय. आजूबाजूची खोली दिसत राहते आणि खेळ त्यातच मांडला जातो. मी आता फक्त तसंच वापरते.

घुबड_दुपारचं

सावली, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा आहे. माझ्या भावावर आम्ही हसलो, त्यानंतर त्याने हेडसेटला हात लावलेला नाही. आज पहिल्यांदा दोन्हीचा संबंध लागला.

टाच_उचलून

माझा कपाटात नाही. रोज सकाळी पंचवीस मिनिटं, दोन वर्षं झाली. समोरून येणारे ठोकळे तालावर कापायचे, बस्स. बीट सेबर २०१८ चा खेळ आहे, त्यात नवीन काही नाही, पण जिमला जायचा माझा विक्रम सलग अकरा दिवसांचा होता.

हे टिकण्यामागचं कारण मला घुबडराव म्हणतात तेच वाटतं. माझा हेडसेट चार्जिंगच्या स्टँडवर, डोळ्यांसमोर असतो. एक कोपरा कायमचा मोकळा ठेवलाय. फोमच्या जागी सिलिकॉनचं कव्हर लावलंय, नाहीतर घामाचा वास असा येतो की विचारू नका. घातला की तीस सेकंदांत सुरू. ज्या दिवशी अपडेट आडवं येतं त्या दिवशी व्यायाम बुडतो, इतकं ते नाजूक आहे.

(छताचा दिवा एकदा फोडलाय. हद्द आखताना वर कोणी बघतं का?)

नवखा_प्रवासी

मळमळीबद्दल कोणी बोलत नाहीये! मी एकदा घातला, कंट्रोलरच्या दांडीने वळलो आणि दुपारभर आडवा होतो. हे माझ्यासाठी नाहीच का?

रात्रपाळी

@नवखा_प्रवासी, दोष तुमचा नाही, खेळ बनवणाऱ्याचा. डोळे सांगतात आपण वळलो, कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण जागेवर आहोत. मेंदूला हे भांडण सहन होत नाही. म्हणून आमच्यातला पहिला नियम: माणसाचं डोकं त्याच्या मर्जीशिवाय हलवायचं नाही. डोकं हलल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ २० मिलिसेकंदांच्या आत हवा. हे आता बहुतेक हेडसेट पाळतात. उरतं ते कृत्रिम चालणं.

सेटिंगमध्ये जाऊन चालण्याऐवजी "टेलिपोर्ट" (म्हणजे एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी) निवडा आणि वळणं झटक्याची ठेवा, सरकती नको. बसून खेळा. मळमळ सुरू झाली की लगेच काढा, "थोडं सोसू" हा पराक्रम करू नका. त्याने शरीर पुढच्या वेळी हेडसेट बघूनच कुरकुरतं. पाच-पाच मिनिटांनी बऱ्याच जणांची सवय होते. काहींची होतच नाही, हेही खरं.

आता भवितव्याबद्दल माझी खरी तक्रार. ग्राहकाचे हात सारखे पोळत आलेत. गूगलने फोनवर चालणारं डेड्रीम व्हीआर २०१६ मध्ये आणलं, २०१९ मध्ये गुंडाळलं. मायक्रोसॉफ्टने हेडसेट चालवणारी विंडोज मिक्स्ड रिॲलिटी ही सोय विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून काढूनच टाकली. लोकांकडचे धडधाकट हेडसेट एका अपडेटने निकामी. टीव्ही दहा वर्षं चालतो, सायकल वीस. हेडसेट किती, हे घेणाऱ्याला कोणी लेखी देत नाही. तिसाव्या दिवसाचं ठीक आहे, पण तिसऱ्या वर्षाचं काय?

हळदीचे_पान

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्ही सगळे खेळांवर बोलताय म्हणून दुसरी बाजू. भाजलेल्या रुग्णांची ड्रेसिंग बदलताना त्यांना बर्फाच्या आभासी दरीत नेणारा स्नोवर्ल्ड हा प्रयोग वॉशिंग्टन विद्यापीठात झाला, आणि लक्ष तिकडे गुंतल्यामुळे वेदना कमी जाणवतात असं दिसलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने जुनाट कंबरदुखीसाठी एका व्हीआर उपचाराला मान्यता दिली, डॉक्टरच्या चिठ्ठीवर घरी वापरायला. माझ्याकडच्या रुग्णांना मान वळवायला सांगितली की "दुखतं" म्हणतात. हेडसेटमध्ये फुलपाखरू मागे उडालं की तीच मान सहज वळते.

खडूस

ताई, हे मान्य. पण एमआरआय यंत्रही उपयोगी आहे, म्हणून कोणी ते घरी घेत नाही.

हळदीचे_पान

एमआरआय नाही, पण बीपी मोजायचं यंत्र घरोघरी आहे ना? तेही एके काळी फक्त डॉक्टरकडे असायचं.

खडूस

हम्म. हा दिला तुम्हाला.

मनमोर

खडूसने मुद्दा सोडला! वाचनखूण साठवली आहे.

चष्मेबहाद्दर

मूळ विषयाकडे. आता चष्म्यातच पडदा येतोय तर हेडसेट हवाच कशाला? मेटाचा रे-बॅन डिस्प्ले सप्टेंबर २०२५ मध्ये आला, ७९९ डॉलर, वजन ६९ ग्रॅम. दहा वर्षांत हेडसेट असाच बारीक होत होत चष्मा होईल असं मी धरून चाललोय.

भिंग

नाही होणार. हा गैरसमज फार पसरलाय म्हणून जरा ठासून लिहितो. त्या चष्म्यात एकाच डोळ्यासमोर २० अंशांचं लहानसं चौकोनी चित्र येतं. संदेश वाचायला उत्तम. पण पारदर्शक काच प्रकाश मिळवू शकते, वजा करू शकत नाही. काळा रंग दाखवताच येत नाही, तिथून मागची भिंत दिसते. तुम्हाला दुसऱ्या जगात न्यायचं तर आधी हे जग झाकावं लागतं, आणि झाकायला डोळ्यांभोवती काहीतरी बसवावंच लागणार. चष्मा आणि हेडसेट चुलतभाऊ आहेत. एकाचं वय वाढून दुसरा होत नाही.

बारीक मात्र होईल. बिगस्क्रीन बियाँड हा हेडसेट १२७ ग्रॅमचा आहे, तुमच्या चेहऱ्याचा स्कॅन घेऊन त्या मापाचा बनवतात. पण त्याला संगणकाची वायर आहे. ॲपलने बॅटरी काढून खिशात दिली, तरी त्यांचा व्हिजन प्रो हेडसेट ६०० ग्रॅमच्या पुढेच. धातू आणि काच वापरण्याची हौस, दुसरं काय. किंमत ३,४९९ डॉलर आणि २०२४ च्या पहिल्या मॉडेलची बॅटरी दोन तासांची होती, म्हणजे एखादा मोठा सिनेमा मध्यंतरानंतर वायर लावूनच बघायचा.

माझा अंदाज: गणित करणारा डबा कमरेला किंवा शेजारच्या संगणकात, आणि तोंडावर फक्त पडदा-भिंगं. नजर जिथे आहे तेवढाच भाग पूर्ण बारकाईने रंगवायचा, कडेचा कच्चा ठेवायचा. डोळ्याला कडेचं तसंही नीट दिसत नाही. व्हॉल्व्हने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेला स्टीम फ्रेम हेडसेट याच वाटेने संगणकावरून चित्र आणतो.

सावली_२

नजर कुठे आहे हे यंत्राला कळणार म्हणजे मी कशाकडे किती वेळ बघितलं याची नोंद होणार. हे कोणाच्या हातात?

भिंग

कंपनीगणिक वेगळं. ॲपलच्या पद्धतीत तुम्ही बोटांनी चिमटी करेपर्यंत ॲपला नजरेचा पत्ता लागत नाही. सगळ्यांनी असंच करावं अशी सक्ती मात्र नाही. घेण्याआधी तेवढं एक पान वाचाच.

रात्रपाळी

अंदाज चाललेच आहेत तर माझाही. फोनसारखा प्रत्येकाकडे? नाही. थ्रीडी टीव्हीसारखा गायब? तेही नाही, कारण टाच_उचलून यांच्यासारख्यांच्या कोपऱ्यातून तो कोणी हलवू शकत नाही. गाडी चालवण्याचे आणि विमानाचे सिम्युलेटर खेळणारे तर सपाट पडद्याकडे परत जायचं नावही काढत नाहीत. घरातल्या शिलाई मशिनसारखं होईल. काही घरांत रोज चालेल, काहींत झाकून ठेवलेलं, आणि कंपन्यांना हे पटायला अजून दोन-चार अब्ज लागतील.

घुबड_दुपारचं

अद्ययावत माहिती. तुम्हा सगळ्यांचं वाचून काल हेडसेट खाली काढला. चार्जिंगला लावला, दिवा लागला. मग कंट्रोलर उघडले तर दोन्हींत सेल तसेच राहिलेले आणि गळलेले. स्प्रिंगवर हिरवट-पांढरी पूड. भवितव्य वगैरे राहू दे, हे कसं साफ करू?

खडूस

अल्कलाइन सेल असतील. सेल काढून टाका, हातमोजे घाला. कापसाच्या काडीला व्हिनेगरचा एक थेंब, स्प्रिंगवर फिरवा, फसफसलं की पुसा. मग दुसरी काडी स्पिरिटची. पूर्ण वाळल्याशिवाय नवे सेल घालू नका. आणि इथून पुढे महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवत जा.

घुबड_दुपारचं

डावा चालू झाला! उजव्याची स्प्रिंग पुसतानाच तुटली. एकटा उजवा कंट्रोलर सुटा मिळतो का कोणाला माहीत आहे? तोपर्यंत मी टीपॉय सरकवून ठेवलाय. भाऊ येतो म्हणालाय, फळीवर आधी मी चढायचं आणि फोटो त्याने काढायचे या अटीवर.

टाच_उचलून

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. माझ्याकडे जुना उजवा पडून आहे, मॉडेल तेवढं कळवा.